लाल पाणी

माझी बायको विद्यापीठात मूळपेशींवर संशोधन करायची. "पेशींना रविवार नसतो," म्हणत सुटीच्या दिवशीही प्रयोगशाळेत जायची. तिच्यासोबत जाऊन जाऊन काचेच्या बशीतलं जुनं पाणी काढून पेशींना पोसणारं नवं लाल पाणी घालायला मीही शिकलो. ती वारल्यावर तिच्या विद्यार्थ्यांनी तिच्या पेशींची एक बशी माझ्याकडे सोपवली. दर रविवारी मी जायचो, आणि ती मुलं म्हणायची, "मॅडमच्या पेशी एकदम ठणठणीत आहेत, काका!"

आठ महिन्यांनी तिच्या जागेसाठी मुलाखती झाल्या. निवड झालेल्या नव्या मॅडम रविवारीच प्रयोगशाळा बघायला आल्या. मला वाटलं, आता म्हणणार, बाहेरच्या माणसाचं इथे काय काम?

त्यांनी माझी बशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. बराच वेळ पाहिलं, मग मुलांकडे पाहिलं. मुलांनी माना खाली घातल्या.

"हात चांगला आहे हो तुमचा, काका," त्या म्हणाल्या. "छान जगवल्यात पेशी. येत जा दर रविवारी, तेवढीच माझी एक सुटी वाचेल."

मी हसलो, आणि बशी जपून पुन्हा उबेच्या कपाटात ठेवली.



पेशी जिवंत असल्या की लाल पाणी पिवळं पडतं, हे मला बायकोनेच शिकवलं होतं. ती गेल्यापासून ते एकदाही पिवळं पडलेलं नाही.