बाटली क्रमांक एक

मिस्टर ऑर्मरॉडनी घोट तोंडात धरला आणि डोळे मिटले. 'काळा बोकड' पबमध्ये गावचा अख्खा बँड श्वास रोखून उभा होता. फुंकून वाजवणाऱ्यांना ते बऱ्यापैकी जमत होतं.

उद्या नव्या राजाचा राज्याभिषेक. त्यासाठी हेझलने खास एल बिअर बनवली होती. फक्त ऐंशी बाटल्या, प्रत्येकीवर मुकुट आणि क्रमांक. गावच्या रिवाजाप्रमाणे बाटली क्रमांक एक ऑर्मरॉडनी उघडायची आणि कथलाच्या जुन्या मगात स्वतः ओतून चाखायची. त्यांनी नाक मुरडलं, तर उद्या मैदानातल्या टेबलांवर शहरातल्या कारखान्याची बिअर येणार, आणि हेझल सोमवारपासून परत दातांच्या डॉक्टरच्या हाताखाली. ती नोकरी सोडली तेव्हा आई म्हणाली होती, "बिअरचं सांगता येत नाही बाई. दात मात्र किडतातच."

"गिळा की आता," ट्रॉम्बोनवाला क्लेम म्हणाला. "नाहीतर हा राजाही म्हातारा व्हायचा."

ऑर्मरॉडनी गिळलं.

"अप्रतिम," ते म्हणाले. "आधी मध. मग भाजलेलं धान्य. आणि शेवटी... शेवटी लहानपणचं कुरण."

पब दणाणला. कुणीतरी ट्यूबा फुंकला. फक्त मिसेस ऑर्मरॉड, गेली त्रेचाळीस वर्षं नवऱ्याशेजारी त्याच बाकावर बसणाऱ्या, मान खाली घालून शेंगदाणे खात राहिल्या.

"घे, तूही चाख," म्हणत ऑर्मरॉडनी मग हेझलच्या हातात दिला.

पाणी. निव्वळ पाणी.

मग तिला आठवलं. बुचं घट्ट बसतात का बघायला तिने एक बाटली पाण्याने भरली होती. सगळ्यात आधी. साहजिकच ती रांगेत पहिली उभी राहिली, आणि पहिला क्रमांकही तिलाच चिकटला.

"हे पाणी आहे," ती सगळ्यांदेखत म्हणाली. ट्यूबा मध्येच थांबला. "तुम्हाला कळलं नाही?"

"कळलं ना."

"मग ते कुरण कुठून आणलंत?"

"पोरी, समोर तुझा चेहरा होता. कुठून तरी आणणं भागच होतं."

हेझलने बाटली क्रमांक दोन उघडली. या खेपेला फेस मगाबाहेर आला. "आता थापा नकोत," ती म्हणाली.

ऑर्मरॉड प्यायले. परत प्यायले. रिकामा मग उलटा करून त्यांनी आत डोकावून पाहिलं. मिशीवरचा फेस बोटाने पुसला आणि बोट चाटलं.

"चालेल," ते म्हणाले.

हेझलला दातांच्या दवाखान्याचा वास आला. "चालेल? एवढंच?"

पण बाकावर मिसेस ऑर्मरॉड हातरुमाल काढून रडायला लागल्या होत्या.

"मुली, हा शब्द यांच्या तोंडून मी एकदाच ऐकलाय," त्या म्हणाल्या. "चर्चमध्ये, आमच्या लग्नात. पाद्रीबुवांनी माझ्याबद्दल विचारलं तेव्हा."