फ्रीडाचं कोकण

"तुम्हाला कुणालाच खरं वाटणार नाही, पण आमच्या सूनबाईंचे पणजोबा मूळचे गुहागरचे. जहाजावर आचारी होते. नारळ शोधायला म्हणून जर्मनीत उतरले, तो सापडेना, म्हणून तिथेच राहिले."

लंडनमधल्या एजवेअरच्या हॉलमध्ये गणपतीसाठी मोदक चालले होते. सुनीतीताईंनी आमच्या सुनेला, फ्रीडाला, "तू बाहेर प्लेट्स लाव हं, नैवेद्याला आपलेच हात हवेत," असं गोड बोलून किचनबाहेर काढलं, तेव्हा मला ही थाप मारावीच लागली.

सुनीतीताईंनी तिला जवळ बोलावून निरखून पाहिलं. "तरीच. मी म्हणते, हे घारे डोळे आले कुठून," म्हणाल्या आणि उकडीचा गोळा स्वतःच्या हातानं तिच्या तळव्यावर ठेवला. शेजारच्या वरदाताईंना तर तिच्या नाकातही गुहागर दिसायला लागलं. मी आपला मिशीत हसत उभा.

फ्रीडानं पारी केली, सारण भरलं, चिमटीनं कळ्या काढून तोंड मिटवलं. मोदक इतका देखणा झाला की सुनीतीताईंनी तो नैवेद्याच्या ताटात अगदी मधोमध ठेवला.

फ्रीडानं हात पुसले आणि आमच्याच मराठीत शांतपणे म्हणाली,



"काकू, बाबा थापा मारतात. माझे वडील जर्मनीतून आले, जन्मभर इथल्या हाउन्सलोत पाव भाजले, आणि कोकण मी अजून पाहिलेलंसुद्धा नाही. आता काढा बघू तो मोदक ताटातून."