होती तशी खोली

आईने खोली अगदी होती तशी लावली होती. पोस्टर त्याच भिंतीवर, खिडकीला तोच जाड पडदा, उशाशी तोच निळा दिवा. अकरा महिन्यांनी मुलगा व्यसनमुक्ती केंद्रातून घरी येणार म्हणून ती सकाळपासून कंबर कसून राबत होती. धुळीचा कण शोधून सापडला नसता.

ताई दारात उभी राहून हे बघत होती. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. प्रयोगशाळेत उंदरांच्या मेंदूवर काम करायची. आई त्याला नाक मुरडून ‘उंदीरकाम’ म्हणायची.

“आई, ही खोली बदलावी लागेल,” ती म्हणाली.

उशीला अभ्रा घालणारा आईचा हात थांबला. मग ताईने जमेल तितकं सोपं करून सांगितलं. नशेची चटक लागलेला उंदीर महिनोन्महिने नशेवाचून ठेवला, की खातो, पितो, झोपतो, अगदी शहाण्या बाळासारखा. पण त्याला जुन्या पिंजऱ्यात सोडून जुनाच दिवा लावला, की नशेचा थेंबही न देता मेंदूतली काही जनुकं जागी होतात, आणि पूर्वी जी दाबली की नशा मिळायची, ती कळ बिचारा पुन्हा दाबत सुटतो. हे तिने कितीदा तरी डोळ्यांनी पाहिलं होतं.

“माझा मुलगा उंदीर आहे का?” आईचा आवाज चिरकला. जीव ओतून लावलेली खोली, आणि ही दीडशहाणी तिला पिंजरा म्हणते!

भाऊ पुन्हा घसरला, तर या वेळी परत येईलच असं नाही, एवढंच ताईला कळत होतं.

आई बराच वेळ अभ्र्याचं टोक सारखं करत बसली. मग तिने विचारलं, “आणि वेगळ्या पिंजऱ्यात ठेवला तर?”

“तर बहुतेक शांत राहतो. नेहमीच नाही, आई. पण बहुतेक.”

आई उठली. उशी बगलेत मारून सरळ स्वतःच्या खोलीत गेली आणि तिथलं कपाट रिकामं करायला लागली.

तो दुपारी आला. चेहरा पार उतरलेला. आईने त्याच्या गालावरून हात फिरवला, पिशवी आपल्या खोलीत नेऊन ठेवली आणि वर दटावलं, मला इकडे फार ऊन लागतं म्हणून अदलाबदल केलीये, कुरकुर नकोय.

तो दारातच थांबला. नव्या खोलीकडे बघत राहिला.

“ताई,” तो हळूच म्हणाला, “गाडी केव्हाच आली होती. दोन तास कोपऱ्यावर बसून होतो. त्या खोलीत यायला पाय उचलत नव्हता.”

आईने त्याच्या हातात पाण्याचा पेला दिला आणि तो पिऊन होईपर्यंत समोर उभी राहिली.

“तिथे आता मी झोपणार,” ती म्हणाली. “काय जागं व्हायचं ते माझ्या डोक्यात होऊ दे.”