मोजणीचं पाणी

टंचाईची पाहणी करायला आलेल्या साहेबांनी गावच्या विहिरीत मोजायची फीत सोडली आणि ती लगेचच ओली झाली. त्यांनी वाकून पुन्हा पाहिलं. २००४ चा मे महिना, आर्वी तालुक्यातलं गाव, आणि पाणी इतकं वर? जीपमधून येताना त्यांनी विहीर कोरडीच असणार असं धरलं होतं.

"पाणी तं हाये ना आमच्या विहिरीले," सरपंच रूपराव म्हणाले. मागे उभ्या असलेल्या बागाइतदारांनी माना डोलावल्या. साहेबलोकांना पटवायच्या कामात मंडळी पटाईत होती.

भीती तशी खरीच होती. गावच्या पिण्याच्या विहिरीला पाणी नाही असं कागदावर आलं, तर किलोमीटरभरातल्या शेतांमधल्या मोटारी बंद करायचा हुकूम सरकार काढू शकत होतं. शेजारच्या गावात तो निघालाही होता. इथे तर विहिरीला खेटून संत्र्याच्या बागा, आणि सगळ्यांत जवळची रूपरावांची. म्हणून साहेब येणार अशी कुणकुण लागताच रूपरावांनी घरोघर निरोप दिला होता, तीन दिवस कोणी मोटार लावायची नाही. कोणीही लावली नाही. एवढी एकी त्या गावात लग्नकार्यातही दिसत नसे. तीन दिवसांत विहीर भरून आली.

रूपरावांची बायको जयवंता पाण्याला आली होती. दोन महिने गावातल्या बाया नदीच्या कोरड्या पात्रात वाळूत झिरे उकरून वाटीवाटीने पाण्याचे गुंड-हंडे भरत होत्या. दरडीवरून उतरताना शकुबाईचा पाय मोडला, ती अजून खाटेवरच होती. जयवंताने विहिरीत बादली सोडली. पहिल्याच खेपेला ती काठोकाठ भरून आली. जयवंताला आधी आनंद झाला, आणि मग असा राग आला की तिने बादली काठावर आदळली.

बाग तिचीही होती. रोपं लावली तेव्हा त्यांना पहिलं पाणी तिने डोक्यावरून आणून घातलं होतं. सहा वर्षांनी यंदा पहिल्यांदा फळ धरलं होतं.

"तू घरी जाय," रूपराव तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाले. "आज मोटार लावाची हाये. फळ गळून राह्यलं."

साहेबांनी आकडा लिहिला आणि पेनाला टोपण लावलं. "चला, म्हणजे या गावात टंचाई नाही."

जयवंताने गुंड खाली ठेवला. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ती सगळ्या बागाइतदारांच्या मधून साहेबांसमोर येऊन उभी राहिली.

"साहेब, तुमी रोज येत जा ना मोजाले."

साहेब हसले. "रोज? ते कशाला, बाई?"

"तुमी येनार म्हटलं का माह्या घरची मोटार बंद राह्यते, अन् गावाच्या विहिरीले पाणी येते."