मेन लाईन

अकराला मुलाखत आणि पावणेअकराला नेट गेलं. लॅपटॉपपुढे बसलेल्या छायाचा चेहराच पडला. घरबसल्या करायची नोकरी, पगारही बरा. देवळीत बसून असं काम पुन्हा कुठं मिळायचं? तिचे सासरे, किसनराव, लगबगीनं जवळ आले.

"काऊन वं, काय झालं?"

"वायफाय तं फुल दाखवून राह्यलं, मामाजी. पण नेटच नाई."

किसनराव चक्रावले. वायफाय म्हणजेच नेट, असा त्यांचा आजवरचा पक्का समज. टेबलावर दोन डबे होते. दोन कान उभारलेला मोठा, तो घरभर वायफाय वाटतो. लहान डब्यात बाहेरची वायर येते, असं छायानं घाईघाईत सांगितलं. लहान डब्यावर लाल दिवा लागला होता.

"म्हणजे आणणारा वेगळा अन् वाटणारा वेगळा?" पाच एकर कपाशीला ठिबक लावलेला माणूस एकदम खुलला. "मंग नळ्या बरोबर हायेत, पोरी. मेन लाईनीतच पाणी नाई!"

ते वायरचा माग काढत निघाले. ती कपाटामागं गेली होती. आणि ते कपाट छायाच्या सासूबाईंनी, कोकिळाबाईंनी, मुलाखत घेणाऱ्या साहेबांना घर नीटनेटकं दिसावं म्हणून, आज सकाळीच भिंतीला पार चिकटवलं होतं.

"वायरले घडी पडली असन. थे कपाट वढू लाग."

"हो, मलेच बोला आता," कोकिळाबाई फणकारल्या, पण खांदा त्यांनीही लावला.

वायर अगदी काटकोनात मुडपली होती. किसनरावांनी हलक्या हातानं ती उचलून सैल वळसा दिला. दिवा हिरवा झाला. हात काढला, तर पुन्हा लाल. मग त्यांनी हात काढलाच नाही.

मुलाखत सुरू झाली, सगळी इंग्रजीत. किसनराव कपाटाआड अंग चोरून, वायर धरून उभे. हात भरून आला, पाय दुखायला लागले, तरी हलायचं नाव नाही. शेवटी साहेबांनी काहीतरी विचारलं. त्यातलं 'इंटरनेट' आणि 'प्रॉब्लेम' एवढंच किसनरावांना कळलं, आणि त्यांनी कपाटाआडून छायाकडं पाहिलं.

छाया हसली. तिनं चांगलं लांबलचक उत्तर दिलं, आणि तेवढ्या सगळ्या इंग्रजीत किसनरावांना एकच शब्द ओळखीचा लागला.

मामाजी.