वरच्या ओळीतली दोन नावं

“सर, कोडच्या वरची ओळ कुठी गेली?” मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून नूतननं वरोऱ्याच्या विज्ञान प्रदर्शनात भर गर्दीत विचारलंच. वाघ दिसला की गावभर खबर देणारं तिचं अ‍ॅप कॉम्प्युटरच्या सरांनी स्वतःच्या नावानं मांडलं होतं. कोड स्क्रीनवर होता, ओळ नव्हती. त्या ओळीत दोन नावं होती: नकाशाचा कोड इंटरनेटवर फुकट देणाऱ्या केरळच्या अनोळखी बिजूचं आणि तिचं. सर हसले. “अगं, तू अ‍ॅप सगळ्यांना फुकटच दिलं होतंस ना?” “हो सर, पण नाव राखायच्या अटीवर. ही अट तुम्हीच शिकवली!” सरांनी लॅपटॉप मिटला. घरी आई-बाबांना सांगितल्यावर आई घाबरली, “प्रॅक्टिकलचे मार्क त्यायच्याच हाती आहेत, पोरी.” नूतननं डोळे पुसले. “असू दे, आई. बाबा, उद्या हेडमास्तरांकडे तक्रार देईन. आधी बिजूचं नाव परत मागीन, मग माझं.”