बिलावरचा नंबर

सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी मनस्वीचा ठिपका नकाशावरून नाहीसा झाला.

प्रसादने अॅप बंद करून पुन्हा उघडलं. 'या व्यक्तीने लोकेशन दाखवणं थांबवलं आहे.' बायकोला फोन लावला. रिंग शेवटपर्यंत वाजली, तिने उचलला नाही. दूध आणते म्हणून सव्वा नऊला बाहेर पडलेली बाई. सीवूड्समध्ये दुधाचं दुकान कोपऱ्यावर आहे.

हॉलमध्ये सहा वर्षांची ऋता चित्र रंगवत बसली होती. त्याने आज तिला शाळेत पाठवलं नव्हतं आणि स्वतःही रजा टाकली होती. कालच्या भांडणात मनस्वी म्हणाली होती, मी ऋताला घेऊन जाते. तो शांतपणे म्हणाला होता, "तुला जायचं तर खुशाल जा. ऋता इथेच राहील."

लेकीला सोडून ती पाऊल उचलणार नाही अशी त्याची खात्री होती. ती खात्री आता ढासळत होती.

त्याने करावे गावात सासूबाईंना फोन केला.

"आई, मनस्वी आलीय का तिकडे?"

"नाय जावयबापू, इकरं नाय आयली," पुतळाबाई म्हणाल्या. "ऋता कशी हाय? खाल्लं का तिनं?"

"हो."

"मंग झालं."

लेक बेपत्ता, आणि हिला नातीच्या खाण्याची पडलीय. प्रसादने वैतागून फोन ठेवला.

मग खाली गेटवर इंटरकॉम केला. "गोटीराम, मला विचारल्याशिवाय ऋताला बाहेर सोडायचं नाही हं."

"साहेब, घरच्यांनी अॅपवर हो दाबल्याशिवाय मी कोनाच्या पोराला सोडत नाय. टेन्शन नको."

गेटच्या अॅपमध्ये ती सोय सुरू करायला लावणारा प्रसादच होता. सोसायटीच्या ग्रुपवर ऑनलाइन सुरक्षिततेचे धडेही तोच द्यायचा. दुकानात नंबर देऊ नका, नको त्या अॅपला परवानग्या देऊ नका. बायकोला मात्र त्याने वेगळा नियम घालून दिला होता. "तुझा नंबर बाजारात फिरायला नको. कुठेही मागितला तर माझा दे." औषधाचं दुकान असो की किराणा, मनस्वी नऊ वर्षं त्याचेच दहा आकडे पाढ्यासारखे म्हणून दाखवत आली. तिने कुठे काय घेतलं, ते घरी पोचण्याआधी त्याच्या फोनवर येई. लोकेशनही त्यानेच चालू करून दिलं होतं, काळजी म्हणून.

दहा बावन्नला मेसेज आला. 'आमच्या कळंबोली शाखेत खरेदी केल्याबद्दल धन्यवाद. तुमच्या खात्यात एक गुण जमा.'

प्रसादने मेसेज दोनदा वाचला आणि त्याला चक्क हसू फुटलं. लोकेशन बंद करायची अक्कल आली, पण काउंटरवरून 'मॅडम, नंबर?' असं आलं की जीभ आपसूक चालली. जित्याची खोड!

हसू फार टिकलं नाही. पुण्याच्या बस कळंबोलीला थांबतात. पुण्यात श्रुती होती, मनस्वीची कॉलेजातली मैत्रीण, आता वकील. एकदा ती श्रुतीपर्यंत पोचली की पुढचं सगळं कागदावर जाणार, कोर्टात जाणार. तिला बसमध्ये चढण्याआधीच गाठायला हवं होतं.

त्याने शेजारची बेल वाजवली. विजयमालाकाकूंनी लगेच दार उघडलं. बाहेरची साडी, पायात चप्पल.

"कुठे निघालात का काकू?"

"भाजीला. का रे?"

"तासभर ऋताजवळ बसाल? महत्त्वाचं काम आहे."

"जा तू निवांत. भाजी काय, नंतर आणता येईल."

पुढे काय बोलायचं ते त्याने हायवेवर ठरवून टाकलं. 'घरी चल, ऋता रडून रडून थकलीय.' ऋता रडत नव्हती, पण एवढं ऐकलं की मनस्वी माघारी येते हे त्याला अनुभवाने ठाऊक होतं. खारघरपाशी ट्रकच्या रांगेत तो अडकला. हॉर्नवरून हात निघेना. समोरून वाशीच्या दिशेने रिक्षा भरधाव निघून जात होत्या, त्यांच्याकडे बघायला त्याला फुरसत नव्हती. घामाने शर्ट पाठीला चिकटला. ती बसली असेल का? सुटली असेल का बस?

दुकान बसथांब्याजवळच निघालं. थांब्यावर मनस्वी नव्हती. तो धावत आत शिरला आणि काउंटरवरच्या मुलीसमोर फोनमधला फोटो धरला.

"या मॅडम आल्या होत्या?"

"हो, आलेल्या ना. पाण्याची बाटली घेतली."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग? पुण्याच्या बसमध्ये बसली?"

"नाय हो. रिक्षा थांबवून ठेवलेली बाहेर, तिच्यातनंच परत गेल्या."

"परत? कुठे?"

"ते नाय माहीत. वळवून घेतली रिक्षा." मुलीने जरा आठवून पाहिलं. "पण नंबर सांगितला ना, तो माझ्याकडून परत वाचून घेतला. एकेक आकडा. आणि मेसेज लगेच जातो ना, म्हणून विचारलं. म्हटलं, हो मॅडम, लगेच."

मागचं गिऱ्हाईक बाजूला व्हा म्हणालं, ते प्रसादला ऐकू गेलं नाही.

हातातला फोन थरथरला. सोसायटीच्या गेटचा मेसेज होता.

'ऋता गेटबाहेर गेली. परवानगी दिली: मनस्वी, आई.'